मूळ मंडळी

स्मरणिकेसाठी चार पानं लिहून द्या, असं आमच्या मंडळीच्या, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या आमच्या ख्रिस्ती समुदायाच्या, कमिटीनं मला मार्चमध्ये सांगितलं. विषय 'आपल्या मंडळीचा इतिहास'. अट एकच : आजवरच्या पाळकसाहेबांचे फोटो क्रमानं लागले पाहिजेत. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मंडळीच्या सभांच्या वह्या माझ्याकडे आहेत हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. नऊ वह्या, पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांसकट. आता श्रावण सरत आला, ट्रंकेच्या कडीला गंज धरला, आणि माझी चार पानं अजून कोरीच आहेत.

अडलंय कुठे ते सांगते. गोव्यात चर्चचा इतिहास म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र तयार असतं. टेकडीवरचं पांढरंशुभ्र देऊळ, दर्शनी भिंतीवर कोरलेलं साल, घंटा, एखादा संत आणि त्याचं फेस्त. आमच्याकडे यातलं काहीच नाही. म्हापशात बाजारापासून दहा मिनिटांवर, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर भाड्याचा एक हॉल आहे. तिथे दर रविवारी दहाला आम्ही तीस-पस्तीस माणसं जमतो आणि साडेअकराला खुर्च्या एकावर एक रचून ठेवतो, कारण संध्याकाळी तिथे कराटेचा क्लास असतो. भिंतीवर सालबिल काही कोरलेलं नाही. एक कॅलेंडर आहे, तेही कराटेवाल्यांचं.

आम्ही म्हापशाजवळ एका जुन्या घराच्या मागच्या भागात भाड्यानं राहायला आलो ते १९६९ साली. मी तीन वर्षांची होते. त्यामुळे पुढचा संवाद माझ्या आठवणीतला नव्हे, पण आईनं इतक्यांदा सांगितला की आता तो माझाच झालाय. घरमालकीणबाई आमच्या दारात उभ्या होत्या.

"तुमी क्रिस्तांव मगो?"

"हो."

"मागीर मिसाक खंय वतात?"

"आमची उपासना घरीच असते."

"घरा? आनी पाद्री?"

"महिन्यातून एकदा वेंगुर्ल्याहून येतात."

"आनी हेर आयतारां?" म्हणजे बाकीच्या रविवारी काय?

आईनं अंगणाकडे बोट केलं. "हे घेतात." अप्पा त्या वेळी गंजिफ्रॉकावर सायकलच्या साखळीला तेल देत होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र केळ्यांची एक फणी पाठवून दिली.

दुसऱ्या बाजूचे प्रश्न निराळे. अप्पांच्या शाळेत कुणी नवा शिक्षक आला, नाताळची रजा कशाला हवी म्हणून कळलं, की हमखास यायचं, "आडनाव तर आपलंच दिसतंय!" त्या 'आपलंच'वर अप्पा नुसते हसायचे. मला मोठेपणी राग यायचा. आता येत नाही, सवय झाली. गोव्यात ख्रिस्ती म्हणजे कॅथलिक आणि कोंकणी, मराठी म्हणजे हिंदू, असे दोन कप्पे फार पूर्वीपासून पाडून ठेवलेत. तिसरा कुणी आला की त्याला उभ्या उभ्या स्पष्टीकरण द्यावं लागतं.

त्यात आमच्या पंथाचं नाव. आमच्या घरात 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द अप्पांखेरीज कुणालाच सलग म्हणता यायचा नाही. आजी 'पेसबितर' म्हणायची. अप्पा शिक्षक, त्यामुळे फोड करून सांगायचे. मूळ ग्रीक शब्द 'प्रेस्बिटेरॉस', म्हणजे वयानं मोठा, जाणता. मराठी पवित्र शास्त्रात त्याला 'वडील' म्हटलंय. ज्या मंडळीचा कारभार मंडळीनंच निवडलेले वडील बघतात ती प्रेस्बिटेरियन. पाळक असतो, पण तो वडिलांबरोबर एकाच बाकावर बसतो आणि त्याच्या डोक्यावर बिशप नसतो. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसतात ती प्रेस्बिटेरी. तंटेबखेडे तिथे मिटतात, नाहीतर तिथेच वाढतात.

चौथीत 'माझे वडील' या निबंधाचं पहिलं वाक्य मी लिहिलं होतं, 'माझे वडील वडील आहेत.' बाईंनी दुसऱ्या 'वडील'वर लाल काट मारली. अप्पांनी वही बघितली आणि म्हणाले, बाईंचं व्याकरण बरोबर आहे, तुझी माहिती बरोबर आहे, दोघींना पाच पाच मार्क.

घरमालक जुने लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज शाळेत शिकलेले, पोर्तुगीज फर्डं बोलणारे. त्यांनी आमच्या पंथाचं नाव ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "प्रेस्बीतेरु! प्रेस्बीतेरु म्हळ्यार पाद्री! मागीर तुमी आमचेच." आणि ते चुकीचं नव्हतं. त्याच ग्रीक शब्दापासून पोर्तुगिजात पाद्रीला 'प्रेस्बीतेरु' म्हणतात, इंग्रजीतला 'प्रीस्ट'ही तिथूनच आलाय. म्हणजे ज्यांनी पाद्र्यांची सत्ता नको म्हणून वेगळी चूल मांडली त्यांनी आणि ज्यांनी ती ठेवली त्यांनीही नाव एकाच डब्यातून काढलं. यावर अप्पा आणि ते दोघं बाल्कांवात, घरापुढच्या बैठकीत बसून किती तरी संध्याकाळी बोलत राहायचे. आई म्हणायची, शब्दाच्या फोडीवर इतका वेळ घालवलात, तेवढ्यात फणसाची फोड झाली असती.

अप्पांना सनांचं वेड. त्यांचं आवडतं साल १५६०. त्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं पोपचा अधिकार झुगारला, धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी नव्या चर्चच्या श्रद्धेचा मसुदा लिहून दिला आणि वडिलांच्या कारभाराची वाट मोकळी झाली. त्याच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं कॅथलिक धर्मन्यायालय, सुरू झालं, ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. "म्हणून आपल्याला मांडवी बघायला चारशे वर्षं लागली," असं अप्पा म्हणायचे. मला हे जरा ओढूनताणून वाटतं. आमची माणसं तेव्हा ख्रिस्तीच नव्हती, ती कुठल्या तरी गावाच्या वेशीबाहेर पाण्यासाठी ताटकळत उभी असणार. पण मास्तर माणसाला दोन सनं जुळली की गप्प राहवत नाही.

नाही म्हणायला आमच्या पंथाचे चुलते गोव्याच्या दारात बरेच आधी येऊन बसले होते. डच. त्यांचं चर्चही आमच्यासारखंच धर्मसुधारक कॅल्विनच्या शिकवणीतलं, वडिलांनी चालवलेलं. १६३७ च्या सुमारास त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली आणि त्या काळात वर्षामागून वर्षं हंगाम आला की त्यांची जहाजं मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून उभी राहायची. अर्थात ते मिरीसाठी आले होते, कुणाच्या आत्म्यासाठी नव्हे, आणि गेले तेव्हा मागे मंडळी म्हणून काही ठेवून गेले नाहीत. वखारीच्या भिंती राहिल्या. मे महिन्यात आजीकडे गेलो की आम्ही त्या पडक्या वखारीत शिरायचो. आजी ओरडायची, "मेल्यांनो, सर्प आसत थंय!" सर्प कधी दिसला नाही. भिंतींत घुसलेली झाडांची मुळं मात्र दरवर्षी जाडच होत गेलेली दिसायची.

गोव्याच्या भूमीवर आमच्यासारख्यांची जुनी खूण शोधायची तर दोना पावलाला जावं लागतं. नेपोलियनच्या लढायांच्या काळात इंग्रजांनी गोव्यात फौज आणून ठेवली होती, तिच्यातल्या माणसांचं दफन जिथे झालं ती दफनभूमी राजभवनाच्या वाटेवर अजून आहे. अप्पांनी मला एकदा मुद्दाम नेलं होतं. तापानं गेलेली तरुण माणसं बरीच असणार. अप्पा वाकून वाकून थडग्यांवरची नावं वाचत होते आणि मी आइस्क्रीमसाठी कुरकुरत होते.

आणि पोर्तुगिजांच्या राज्यातली आमच्या पंथाची पहिली मंडळी निघाली ती गोव्यात नव्हे, पार अटलांटिकमधल्या मदेइरा बेटावर, १८४५ साली. तीही एका डॉक्टरमुळे. रॉबर्ट कॅली नावाचा हा स्कॉटिश डॉक्टर तिथे रुग्णालय चालवायचा, शाळा चालवायचा, लोकांना शास्त्र वाचायला शिकवायचा. त्याला तुरुंगात टाकलं. १८४६ मध्ये जमाव घरावर चालून आला तेव्हा आजारी बाईच्या वेषात, झोळीत घालून त्याला जहाजावर पोचवावं लागलं. त्याची माणसं त्रिनिदादला आणि तिथून अमेरिकेत इलिनॉयपर्यंत पांगली. ही गोष्ट ऐकून आजी म्हणाली होती, "डॉक्टर नि पेसबितर, ह्यांचा कायतरी आसाच." तिला माहीत होतं. तिची सगळी हयात अशाच एका डॉक्टरच्या दवाखान्यात गेली होती.

आमची कथा खरी तिथूनच, वेंगुर्ल्याहून. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ च्या अखेरीस कोल्हापूरला आला. १८७० मध्ये त्याचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळानं आपल्याकडे घेतलं. मग रत्नागिरी, पन्हाळा, सांगली, मिरज अशी ठाणी झाली. मिरजेला डॉक्टर वानलेसांचं इस्पितळ उभं राहिलं, ज्याचं नाव आजही दक्षिण महाराष्ट्रात माणसं घराघरांतून घेतात. आणि १९०० साली घाट उतरून हे लोक वेंगुर्ल्याला आले. तिथलं सेंट ल्यूक्स इस्पितळ म्हणजे डॉक्टर गोहीन. त्यांचा मुलगा रॉबर्ट वेंगुर्ल्यातच जन्मला, १५ ऑगस्ट १९१९ रोजी. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० भारतातला अमेरिकेचा राजदूत. तो राजदूत झाल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचून दाखवली तेव्हा आजीनं ती दोनदा वाचायला लावली आणि म्हणाली, वेंगुर्ल्याचा पोर दिल्लीत बसला, वेंगुर्ल्याचा पाण्याचा नळ काय अजून धड येत नाय.

आजी मिरजेला नर्सिंग शिकून वेंगुर्ल्याच्या इस्पितळात लागली होती. तिची पांढरी साडी मी पाहिलीय, पेटीच्या तळाशी, निळीचा वास असलेली. ती सांगायची की तेरेखोल नदीच्या पलीकडून, गोव्यातल्या पेडण्याकडून माणसं यायची, होडीनं आणि मग बैलगाडीनं, अडलेल्या बाया घेऊन. राज्य पोर्तुगिजांचं, रुपया त्यांचा, देव कुणाचा कुठला. "कळ सगळ्यांची एकच येता," म्हणायची. १९५४ नंतर भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि ही ये-जा आटत गेली. पलीकडे शेतात उभी असलेली माणसं इकडून दिसायची, पण येऊ शकायची नाहीत. डचांची नाकेबंदी मी पुस्तकात वाचली. ही दुसरी आजीच्या तोंडून ऐकली, आणि तिच्या मते हिच्यात जास्त बाया दगावल्या. किती ते तिलाच ठाऊक.

आजीची आई, म्हणजे माझी पणजी, १९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली मुलगी. मिशनच्या अनाथ मुलींत वाढली. तिचं वय अंदाजानं धरलं होतं. तिच्याबद्दलची नोंद आजीनं एकदा वेंगुर्ल्याच्या जुन्या रजिस्टरात बघितली होती : नाव, बाप्तिस्म्याची तारीख, आणि 'मूळ गाव' या रकान्यात 'ठाऊक नाही'. आजीला अक्षरओळख होती, पण हे दोन शब्द वाचून ती रजिस्टर मिटून घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही. लोकांनी धर्म का बदलला यावर चौकात भाषणं देणाऱ्यांना मला हा रकाना दाखवावासा वाटतो. पण ते जाऊ दे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारनं गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या आणि शिक्षक हवेत म्हणून आमच्याकडची डीएड झालेली पोरं थव्यानं इकडे आली. अप्पा त्यातले एक. १९६४ साली पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत रुजू झाले. सुरुवातीला दर रविवारी वेंगुर्ल्याला उपासनेला जायचे : किरणपाणीहून होडी, आरोंदा, शिरोडा, मग वेंगुर्ला. पावसाळ्यात तेरेखोलला पाणी चढलं की रविवार हुकायचा.

जानेवारी १९६७ मध्ये सार्वमत आलं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. अप्पांचं नाव मतदार यादीत नव्हतं, पण त्यांचं मत मात्र दोन्हीकडच्यांनी परस्पर देऊन टाकलं होतं. मराठी मास्तर म्हणून कॅथलिक त्यांना फुलात धरायचे, ख्रिस्ती म्हणून हिंदू त्यांना पानांत. निकालाच्या दिवशी ते दोन्ही बाजूंना तोंड न दाखवता नदीवर गळ टाकून बसले होते म्हणे. मासा मिळाला नाही.

आता वह्यांकडे येते, कारण खरं बाड तेच आहे.

पहिल्या वहीचं पहिलं पान : 'आज घरी उपासना झाली. हजर वडील २, सभासद ९, मुले ५. गीते ३. दान रु. ४.६०. चार चटया घ्याव्यात असे ठरले.' बस्स. हीच आमची पायाभरणी. कोनशिला नाही, चटया. पुढच्या तीन सभा त्या चटया कुठून घ्यायच्या यावर गेल्यात. शुक्रवारच्या बाजारात स्वस्त मिळतात असं एकाचं म्हणणं, वेंगुर्ल्याच्या टिकतात असं दुसऱ्याचं. अखेर दोन इथल्या, दोन तिथल्या. मला वाटतं हा ठराव वाचला की प्रेस्बिटेरियन म्हणजे काय ते कळतं, अप्पांच्या ग्रीक फोडीची गरज उरत नाही.

मग प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीनं भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा, वाद. वेंगुर्ल्यात प्रभुभोजनाला मनुका उकळून काढलेला रस असायचा, दारू नाही. गोव्यात कोपऱ्याकोपऱ्यावर वाइन. एक वडील म्हणाले, खरी द्राक्षवाइन दोन रुपयांत मिळते तर मनुका कशाला शिजवायच्या? यावर वहीत दीड पान आहे. शेवटी 'मनुका चालू ठेवाव्यात, कारण मंडळीत लहान मुले आहेत व दोन मोठेही आहेत'. ते दोन मोठे कोण हे अप्पांनी लिहिलं नाही, पण आई सांगायची. भाकरी की पाव हेही ठरायचं होतं. पाव ठरला, सकाळी पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत यायचा त्याच्याकडूनच. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना तो पाव कॅथलिक वाटायचा. पावाला पंथ नसतो हे त्यांना पटायला बरीच वर्षं लागली, म्हणजे त्या वारल्याच.

घरमालकीणबाई पहिली काही वर्षं रविवारी भिंतीपलीकडून आमची गीतं ऐकायच्या. नंतर बाल्कांवात खुर्ची टाकून उघड ऐकायला लागल्या. आमची गीतं म्हणजे अभंगाच्या, ओवीच्या, भजनाच्या चालीची. नारायण वामन टिळकांनी आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या कवींनी ख्रिस्ती उपासनेला जो मराठी गळा दिला, तो त्यांना देवळातल्या भजनासारखा वाटायचा. "तुमचो जेजू पंढरपूरचो कितें?" असं एकदा विचारलं त्यांनी. अप्पांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी तो वहीत लिहून ठेवलाय, सभेच्या इतिवृत्तात, विषय क्रमांकासकट. मग अप्पांनी घरमालकांना सांगितलं की तुमच्या राशोलला १६१६ साली एका इंग्रज जेझुइटानं, थॉमस स्टीफन्सनं, ख्रिस्ताचं पुराण मराठी ओव्यांत लिहून छापलं होतं. आणि १६८४ मध्ये इथल्याच सरकारनं लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. घरमालक बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "म्हणजे तुमी परत आयल्यात."

मे महिन्यात त्यांच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लादीन ही गाऊन म्हणायची प्रार्थना असायची, आम्हाला बोलावणं असायचं. आम्ही मागे उभे राहायचो. लादीन संपलं की उकडलेले चणे आणि फेणी. अप्पा चणे घ्यायचे आणि फेणीचा पेला हातात धरून शेवटपर्यंत तसाच उभा राहायचे, न पिता आणि न परत करता. याला मी आयुष्यभर अवघड कसरत समजत आले. आता त्यांच्या वयाला पोचल्यावर वाटतं, त्यांना ते आवडतही असावं.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केलं. आमचं मूळ ज्या युनायटेड चर्चमध्ये होतं तेही त्यात गेलं. कागदोपत्री 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द तिथे संपला. बिशप आले. वहीच्या मुखपृष्ठावर अप्पांनी तो शब्द एका रेघेनं खोडलाय, वाचता येईल असा. आत मात्र सगळं तसंच : हजर वडील अमुक, ठराव तमुक. त्यांना एकी हवी होती, त्यासाठी ते मनापासून बोलायचे. बिशपसाहेब आले की उभेही राहायचे. पण घरी येऊन म्हणायचे, माणूस चांगला आहे, खुर्ची जरा उंच आहे.

१९८६ च्या डिसेंबरातलं पान एका ओळीचं आहे. 'भाषेच्या आंदोलनामुळे रस्ते बंद. तीनच कुटुंबे हजर. गीते हळू आवाजात म्हटली.' फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा राहिली. त्यावर वहीत अक्षरही नाही. पुढच्या सभेत हार्मोनियमचा भाता दुरुस्त करायला ३५ रुपये मंजूर झालेत.

मला मंडळीनं वडील नेमलं ते २०११ साली. पहिली बाई. कुणाचा विरोध नव्हता, अडलं ते शब्दावर. वडीलबाई म्हणायचं की वडीलताई? एकानं 'वडिला' सुचवलं. मी म्हटलं, आपण वडील बहीण म्हणतोच की, शब्दाला त्रास नाही, तुम्हीही घेऊ नका. अप्पा तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आता ते वाक्य पुन्हा लिही." कुठलं ते मला लगेच कळलं नाही.

आणि मग ती मुलगी आली. सहा-सात वर्षं झाली. कळंगुटच्या एका हॉटेलात कामाला, मिझोरामची. उपासना संपल्यावर दाराशी उभी होती. मी 'जय ख्रिस्त' म्हटलं, तिनं हात मिळवला आणि हिंदीत म्हणाली, "हम लोग प्रेस्बिटेरियन है." कुठेही न अडखळता. आमच्या हॉलमध्ये तो शब्द कित्येक वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. खुर्च्या रचणारी दोघं थांबून बघायला लागली.

तिचं चर्च आमच्यापेक्षा धाकटं. लुशाई टेकड्यांत, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, पहिले मिशनरी १८९४ ला पोचले, वेल्सचे प्रेस्बिटेरियन १८९७ ला. वाइल्डरच्या कोल्हापुरापेक्षा चाळीसेक वर्षांनी मागे. आणि आज तिथे तो सगळ्यांत मोठा पंथ, गावोगाव देवळं. आमच्याकडे कराटेचं कॅलेंडर. तिनं मला विचारलं, "आपके उपा कौन है?" त्यांच्या भाषेत वडिलांना 'उपा' म्हणतात. मी स्वतःकडे बोट केलं तेव्हा ती आधी हसली, मग सावरून उभी राहिली.

पुढच्या रविवारी ती चौघांना घेऊन आली. गिटार आली. आमच्या भजनाच्या चालीवर ते चार सुरांत गायला लागले, आणि हार्मोनियमवाल्या काकांनी दोन रविवार रुसून मग त्यांच्याकडून एक गीत शिकून घेतलं. ती सांगायची की त्यांच्या घरी आई रोज भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढते, त्या मुठीमुठीवर त्यांच्या चर्चची किती तरी कामं चालतात. घरी येऊन मी अप्पांची तिसरी वही काढली. जमेच्या बाजूला दर महिन्याला एक नोंद होती जी मला कधी उमगली नव्हती : 'मु. तां. रु. २.७५'. मी ते कुणाच्या नावाचं आद्याक्षर समजत होते. आईला फोन केला. ती म्हणाली, "मुठीचे तांदूळ. तुझी आजी सुरू करून गेली होती. मग रेशन आलं नि बंद पडलं."

ती मुलगी सभासद व्हायला तयार झाली तेव्हा नियमाप्रमाणे तिच्या मंडळीचं बदलीपत्र मागवलं. पत्र आलं, शिक्का मारलेलं, सगळं मिझो भाषेत. वडीलमंडळाच्या सभेत ते वाचून दाखवायचं होतं आणि वाचता येणारं एकच माणूस होतं. तेव्हा तिनंच स्वतःचं पत्र उभं राहून वाचलं, मग हिंदीत अर्थ सांगितला, 'चालचलन उत्तम' या ओळीला जरा लाजली. मी इतिवृत्तात लिहिलं, 'पत्र वाचून दाखवण्यात आले.' कुणी ते लिहिलं नाही. वडीलमंडळानं एकमतानं मान्य केलं.

मग रजिस्टर काढलं. अप्पांनीच आखलेलं, शाईनं, फूटपट्टीनं. नाव, बाप्तिस्मा, पत्ता, 'मूळ मंडळी', शेरा. तो चौथा रकाना वरून खाली वेंगुर्ला, वेंगुर्ला, मिरज, कोल्हापूर, वेंगुर्ला असाच भरत आलेला. अप्पांनी त्याला दोन बोटांची रुंदी दिली होती, वेंगुर्ल्याला तेवढी पुरते. तिनं विचारलं, इथे काय लिहायचं? मी सांगितलं. तिनं आपल्या आयजोलमधल्या वस्तीच्या चर्चचं पूर्ण नाव लिहायला घेतलं, रोमन लिपीत, गोल गोल अक्षरांत. ते रकान्यात मावेना. अर्ध्यावर थांबून तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिही, शेऱ्यात गेलं तरी चालेल.